पहिली पावती दहा किलोची

मी संशयी आहे, हे मला लहानपणापासून ऐकवण्यात आलं आहे. ऐकवणाऱ्यांचाही मला संशयच यायचा. आमच्या घरी आजोबांपर्यंत मेंढरं होती आणि इंदापूर तालुक्यातल्या आमच्या माळावर आजोबा रोज संध्याकाळी ती मोजायचे. आकडा कमी भरला तर ते पुन्हा पहिल्यापासून मोजत बसायचे नाहीत. काळ्या तोंडाची एकीकडे, बाकीची एकीकडे, असा कळप निम्मा करायचे. कुठल्या निम्म्यात कमी भरतंय ते बघायचे, मग त्याचा पुन्हा निम्मा. शेवटी चार-पाच मेंढरं समोर उरली की त्यांच्यातलं कोण नाही ते तोंडावरूनच कळायचं. मग आजोबा आधी शेजाऱ्याच्या कळपाकडे बघायचे, आपल्या कुंपणाला पडलेल्या भोकाकडे नंतर. हे दोन्ही गुण माझ्यात पुरेपूर उतरले.

वडिलांच्या वेळी मेंढरं जाऊन ऊस आला आणि माझ्या वेळी कॉम्प्युटर आला. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी बारामती एमआयडीसीतल्या एका लहानशा शेडमध्ये नोकरीला होते. पत्र्याचं छप्पर, पाच माणसं, दारात माझी मोपेड. गावोगावच्या दूध संकलन केंद्रांसाठी आम्ही कॉम्प्युटर जोडून द्यायचो. दूध काट्यावर चढलं की काट्याचा आकडा तारेतून कॉम्प्युटरमध्ये जाणार आणि पावती छापून बाहेर पडणार. मध्ये माणसाचा हात लागत नाही म्हणजे फसवाफसवी नाही, असं आमचे साहेब केंद्रांना सांगायचे. मी ते मनापासून मानत होते. माणसांवर माझा विश्वास नव्हता, तारेवर होता.

त्या कॉम्प्युटरात आम्ही जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली, फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम घालायचो. तिचा गाभा म्हणजे कर्नल. काटा, प्रिंटर, कीबोर्ड, सगळ्यांशी बोलायचं काम कर्नलचं. बाकीचे प्रोग्रॅम त्याच्या भरवशावर चालतात. नव्या कर्नलची सीडी पुण्याहून कोणीतरी आणायचं. मी आमच्या कामाचे भाग वाचून काढायचे, आमच्या काट्यासाठी दोन-चार ओळी बदलायचे आणि सगळा कर्नल पुन्हा बांधायचे. बांधायचा म्हणजे कॉम्प्युटर दोन-अडीच तास एकटाच राबत बसायचा, आणि तेवढ्यात लाइट गेली की पहिले पाढे पंचावन्न. एक-दोन बारक्या दुरुस्त्या मी त्या परदेशी मंडळींना ईमेलने पाठवल्या होत्या आणि त्यांनी त्या कर्नलमध्ये घेतल्याही होत्या. घरात त्याचं कोणाला सोयरसुतक नव्हतं, पण मी आठवडाभर ताठ मानेने हिंडले होते.

त्या वर्षी साहेबांनी कॉम्प्युटरचे नवे बोर्ड स्वस्तात उचलून आणले; काट्याची तार जोडायची कार्डं पूर्वीचीच ठेवली. जुना कर्नल नव्या बोर्डांना ओळखच देईना, म्हणून नवा कर्नल घेणं भाग पडलं. सगळ्या केंद्रांवर एकच कर्नल असावा, नाहीतर कोणाची तक्रार कशाची ते कळायचं नाही, असं मीच साहेबांच्या गळी उतरवलं. टेबलावर काटा मांडला, प्रोग्रॅम उघडला, पाण्याची बादली पन्नास वेळा तोलली आणि पन्नास पावत्या तपासल्या. एकही चुकली नाही. माझ्यासारखीने पास केलेला कर्नल म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं मला वाटलं.

नव्या कर्नलचं पहिलं मशीन बसवलं काटेवाडीच्या पुढच्या एका गावात. तिथे काट्यावर तात्या होते. साठीला टेकलेले, अंगाने वाळकुडे, आणि माझ्याहून एक आणा जास्तच संशयी. काट्यावर एक मोठं भांडं असायचं. शेतकऱ्याने आणलेलं दूध त्यात ओतून तोलायचं. प्रत्येक माणसाचं दूध झालं की तात्या ते भांडं उपडं करून, आत डोळा घालून बघायचे. मागच्याचं थेंबभरही दूध पुढच्याच्या खात्यावर जाता कामा नये.

आणि रोज सकाळ-संध्याकाळ त्यांचा एक विधी होता. कॉम्प्युटर सुरू करून ठेवायचा, आणि तो जागा झाला की प्रोग्रॅम उघडायच्या आधी काट्यावर दहा किलोचं लोखंडी माप ठेवायचं. काट्याचे लाल आकडे हलत राहायचे म्हणून शेजारचं बटण दाबायचं. त्याने आकडा जागच्या जागी थांबायचा. त्याच बटणाने तो आकडा तारेतून कॉम्प्युटरलाही जायचा, पण त्याच्याशी तात्यांना देणंघेणं नव्हतं. ते रांगेकडे बघून विचारायचे, "बघा रं, दहा हाय का?"

रांगेतल्या पहिल्या माणसाने बघून म्हणायचं, "हाय."

मग माप खाली, प्रोग्रॅम सुरू, आणि दूध घ्यायला सुरुवात. हे कोणी सांगितलेलं नव्हतं. जुना दांडीचा तराजू होता तेव्हापासून तात्या करत आले होते. रांगेत पहिली रोज त्यांची धाकटी बहीण असायची. ती त्याच गावात दिलेली होती. दूध घालून, पावती न बघताच खोचून तिला खुरपायला जायचं असे, संध्याकाळीही पुढचा स्वयंपाक असे, म्हणून तिने ती जागा धरलेली. तिला वाचता येत नव्हतं, पण एकावर शून्य कसं दिसतं ते तिला पाठ होतं.

मशीन बसवायला गेले त्या दिवशी तात्यांनी माझं सगळं बोलणं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, तार खोटं बोलत न्हाय, मान्य. पण खरं काय हाय ते तारंला कळतं का?"

मला राग आला. काट्यावरच्या माणसाला तार नको असते, कारण तार आली की त्याची कमाई बंद होते, असं साहेबांनी मला आधीच पढवून ठेवलं होतं. मी तात्यांना मनातल्या मनात त्या यादीत टाकलं आणि मोपेडला किक मारली.

दोन आठवडे झाले नसतील. केंद्राच्या चेअरमनचा फोन आला, की तुमच्या मशीनबद्दल तक्रार आली आहे, या. मी गेले. चेअरमनच्या खोलीत चार-पाच मंडळी बसली होती. रांगेत दुसऱ्या नंबरला असणाऱ्या एका गड्याला पुढच्या बाईच्या पावतीवरचा आकडा दिसला होता, आणि तिच्या भांड्यात तेवढं दूध नव्हतं हे त्याने डोळ्यांनी बघितलं होतं. मी सगळ्या दिवसांची यादी छापून काढली आणि बोट ठेवत खाली आले. बाकी सगळ्यांचे आकडे वर-खाली होत होते, जसे व्हायला हवेत. एकाच सभासदापुढे, सकाळी दहा, संध्याकाळी दहा, दुसऱ्या दिवशी दहा. नऊ नऊशे नाही, दहा शंभर नाही. बरोबर दहा.

"ही दहा किलोवाली बाई कोण?" मी विचारलं.

खोलीत खसखस पिकली. एकजण म्हणाला, "तात्याची बहीण हाय ती. एक म्हस आटल्याली, दुसरी सा किलोच्या वर जात न्हाय."

झालं. माझ्या डोक्यात सगळं फटाफट जुळलं. तात्यांचं दहा किलोचं माप, तात्यांची बहीण, आणि दहा किलोची पावती. सुतावरून स्वर्ग गाठायला मला सूत लागतंच असं नाही, इथे तर दोरखंड होता. हे सगळं मी नवं मशीन बसवलं त्या संध्याकाळपासून सुरू झालं होतं, त्याआधीच्या वहीत तिचेही आकडे वर-खाली होते. मी तेही वाचलं आणि त्याचा अर्थ लावला, की नवं मशीन आलं तशी तात्यांनी नवी युक्ती शोधली. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

"बहिणीच्या वेळेला ते लोखंड काट्यावर ठेवून पावती काढतात," मी चेअरमनना सांगितलं. "म्हैस काय रोज मापून देते?"

तात्यांना बोलावलं. त्यांनी यादी हातात घेतली, लांब धरली, जवळ धरली. मग म्हणाले, "बहिणीच्या टायमाला म्या लोखंड ठिवलं म्हंता? सगळ्या रांगंम्होरं?"

"पावती तसं सांगते."

"पावती कोन छापतं?"

"मशीन."

"आन् मशीन कुनाचं?"

माझा पारा चढला. मी म्हणाले, "मशीनला बहीण नसते, तात्या."

सगळे हसले. तात्या हसले नाहीत. त्यांनी यादीची नीट घडी घातली, माझ्यापुढे ठेवली आणि बाहेर गेले. त्या क्षणी मला फार हुशार वाटलं होतं, हे लपवण्यात अर्थ नाही.

चेअरमननी तात्यांना काट्यावरून काढलं. वयाकडे बघून घरी घालवलं नाही, मागच्या हौदावर कॅन घासायला बसवलं. ज्या रांगेपुढे ते चाळीस वर्षं काटा धरून होते, तिच्या मागच्या बाजूला आता ते ब्रश घेऊन बसू लागले. बहिणीने त्या केंद्रावर दूध घालणं थांबवलं. काट्यावर चेअरमनचा पुतण्या आला. त्याने ते लोखंडी माप कपाटात टाकून कुलूप लावलं, म्हणजे पुन्हा भानगड नको.

आणि भानगड थांबली. दुसऱ्या दिवसापासून पहिल्या पावतीवर दहा किलो आलं नाही. माप गेलं, दहा गेले. याहून मोठा पुरावा काय हवा? मी साहेबांना फुशारकीने सांगितलं, की बघा, तारेपुढे कोणाची डाळ शिजत नाही. तरी मोपेडवरून परतताना तात्यांचा तो प्रश्न मला मध्येच टोचायचा. मशीन कुणाचं? संशयी माणसाचा संशय असा अर्ध्यावर सोडला की तो खडा होऊन चपलेत राहतो. पण मी चप्पल झटकली नाही.

महिना-सव्वा महिन्याने दुसरं मशीन वालचंदनगरच्या अलीकडच्या एका गावात बसवलं. तिथे काट्यावर एक पहिलवान होता, तालमीत जाणारा, तिशीतला, बोलायला मोकळा. तिसऱ्या दिवशी सकाळीच त्याचा शेडवर फोन आला.

"म्याडम, आवं पयल्या गड्याला बासष्ट किलो दूध आलंया."

"किती?"

"बासष्ट. त्याच्याकडं दोन शेळ्या हायत नुसत्या. काल बी बासष्टच आलं. लोक हसाया लागल्यात."

मीही हसले. मग हसू तोंडातच राहिलं. सारखा तोच आकडा, तोही पहिल्याच पावतीवर. मी विचारलं, "तुमच्या केंद्रावर बासष्ट किलोचं काय आहे?"

तो ओशाळून म्हणाला, "मी हाय, म्याडम."

कुस्तीसाठी त्याला वजन उतरवायचं होतं. रोज सकाळी रांग लागायच्या आधी तो स्वतः काट्यावर उभा राहायचा आणि आकडा हलू नये म्हणून बटण दाबायचा. मग खाली उतरून प्रोग्रॅम उघडायचा.

मी फोन ठेवला. शेडमधला काटा टेबलावर घेतला. इतके दिवस मी आधी प्रोग्रॅम उघडून मग बादली ठेवत होते, कारण शहाणी माणसं तसंच करतात. या वेळी आधी बादली ठेवली, बटण दाबलं, बादली उचलली, आणि मग प्रोग्रॅम उघडला. काट्यावर काहीही नव्हतं. प्रिंटरने बादलीच्या वजनाची पावती माझ्या हातात दिली.

साहेबांना मी तेव्हाच सांगितलं. ते म्हणाले, "कोणाला बोलू नका. गुपचूप बदलून टाका." त्यांचं नाव जाईल ही त्यांची भीती खोटी नव्हती. मी हो म्हणाले, पण आधी चूक नेमकी कुठे आहे ते सापडायला हवं होतं. नाहीतर मी अजून एका चुकीच्या माणसावर बोट ठेवलं असतं.

शेडमधल्या जुन्या बोर्डावर तेच कार्ड लावून बघितलं, तर जुन्या कर्नलवर हे होत नव्हतं, नव्यावर होत होतं. मधल्या आवृत्त्या कितीतरी. मी आजोबांसारखा कळप निम्मा केला. मधली एक आवृत्ती घेतली, बांधली, बादली ठेवून बघितली. बरोबर चालली, म्हणजे बिघाड तिच्यानंतरचा. मग उरलेल्यांतली मधली. ही बिघडलेली, म्हणजे बिघाड तिच्यात किंवा तिच्या आधी. दर वेळी अडीच तास, त्यात लाइटचा लपंडाव. माझं दुसरं काम तुंबलं, साहेब धुसफुसले. पाचव्या दिवशी दुपारी दोनच आवृत्त्या समोर उरल्या, आणि त्या दोघींमधला फरक मी ओळ न ओळ वाचला.

काट्याची तार ज्या कार्डाला लागायची त्यावर एक चिप होती. तारेतून आलेली अक्षरं तिच्यात थोडा वेळ साठायची आणि तिथून कर्नल ती उचलायचा. प्रोग्रॅम उघडताना जुना कर्नल दोन गोष्टी करायचा. चिपला सांगायचा, की रिकामी हो. आणि तरीही स्वतः आत हात घालून काही उरलंय का ते काढून फेकायचा. नवी आवृत्ती लिहिणाऱ्या कोणा भल्या माणसाला वाटलं, चिपला सांगितल्यावर परत हात कशाला घालायचा? त्याने ती ओळ फालतू समजून काढून टाकली. चांगल्या चिपा सांगितल्याबरोबर रिकाम्या होतात, त्यामुळे जगात कोणाचं काही बिघडलं नाही. आमच्या साहेबांनी पूर्वी कधीतरी आणलेल्या त्या स्वस्त कार्डांवरच्या चिपा नकली होत्या. त्या हो म्हणायच्या आणि आतलं तसंच ठेवायच्या. म्हणजे तात्यांनी सकाळी रांगेला दाखवलेले दहा किलो चिपमध्ये बसून राहायचे, आणि प्रोग्रॅम उघडला की पहिल्या माणसाच्या नावावर जायचे. दूध ओतून त्याचा नंबर घालताच पावती निघायची, त्यामुळे खऱ्या दुधाचा आकडा घेतलाच जायचा नाही. पहिली बहीण होती. पुतण्याने माप कुलपात टाकलं, तेव्हा चिपमध्ये राहायला काही उरलंच नाही.

मी खुर्चीत मागे टेकले आणि मला तात्यांचं भांडं आठवलं. प्रत्येकाच्या दुधानंतर उपडं करून, आत डोळा घालून बघितलेलं. जुना कर्नल तात्यांसारखा होता. मी तो काढून नवा बसवला होता, आणि तात्यांनाही काढलं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती मी दिली होती, आणि चोर माझ्याच टेबलावर बसला होता. मला रडू आलं. शेडमधल्या माणसांनी विचारलं तेव्हा डोळ्यात काहीतरी गेलं म्हणून सांगितलं.

सगळा प्रकार लिहून मी त्या कर्नलवाल्या लोकांना ईमेल पाठवला. पुण्याला फोन लावून ईमेल जायचा यायचा, त्यामुळे उत्तर दुसऱ्या दिवशी हातात पडलं. कोणीतरी लिहिलं होतं, तुमचं कार्ड नकली आहे, ते फेका, कर्नलमध्ये काही खोट नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मग मनात आलं, मी तरी चेअरमनच्या खोलीत वेगळं काय बोलले होते? मशीनमध्ये खोट नाही, माणूस फेका.

पण त्या लोकांत एक रीत होती, आणि ती माहीत असलेले जुने लोक माझ्या बाजूने उभे राहिले. काल ज्याचं काम जुन्या कर्नलवर चालत होतं आणि आज नव्यावर थांबलं, त्याच्याकडे बोट दाखवायचं नाही. त्याचं कार्ड स्वस्त असो, नकली असो. चालतं ते मोडलं कोणी? नव्या कर्नलने. मग निस्तरायचं त्यानेच. त्यांनी मला विचारलं, कुठल्या आवृत्तीपासून, कुठल्या ओळीपासून? ते माझ्याकडे तयार होतं. चार दिवसांनी ज्याने ती ओळ काढली होती त्याचंच उत्तर आलं, सगळ्यांना दिसेल असं. चूक माझी, ओळ परत घालतो, शोधून दिल्याबद्दल आभार. एवढंच. ना सबब, ना हातवारे. मी तो ईमेल तीन-चारदा वाचला. जगभरातले शेकडो लोक बघत असताना हा माणूस तीन वाक्यांत मोकळा झाला, आणि मला एका गावात जायचं होतं तर मी ते रोज उद्यावर ढकलत होते.

परत आलेल्या ओळीवर टीप मी लिहून दिली होती: काही चिपा रिकामं व्हायला सांगितलं तरी होत नाहीत, ही ओळ काढू नये.

साहेबांना न विचारता मी गावात गेले. चेअरमन म्हणाले, "आता कशाला उकरताय? झालं गेलं गंगेला मिळालं. तात्याला बसवू की परत काट्यावर, हळूच."

"हळूच नको," मी म्हणाले. "काढलं तेव्हा खोलीत लोक होते."

सकाळची रांग लागली होती. पुतण्याकडून किल्ली घेऊन मी ते लोखंडी माप कपाटातून काढलं. मला ते दोन्ही हातांनी उचलावं लागलं. काट्यावर ठेवलं, बटण दाबलं, खाली घेतलं. रिकामं भांडं उपडं करून रांगेला दाखवलं आणि काट्यावर ठेवलं. मग प्रोग्रॅम उघडून पहिल्या गड्याचा नंबर घातला. रिकाम्या भांड्याची दहा किलोची पावती बाहेर आली. ती मी रांगेतून हातोहात फिरवली. नंतर दुरुस्त केलेला कर्नल चढवला आणि तेच पुन्हा केलं. या वेळी पावती आली नाही.

"तात्यांनी काही केलेलं नव्हतं," मी मोठ्याने म्हणाले. "त्यांच्या बहिणीनेही नाही. हे मशीन मी बसवलं, चूक माझी. आणि त्यांच्यावर आळ घेतला तोही मीच."

रांगेतून कोणीतरी म्हणालं, "आन् आमी पंधरा जणांनी त्यो खरा मानला."

तात्या हौदाजवळ उभे राहून ऐकत होते. त्यांनी ब्रश खाली ठेवला, हात धुतले, धोतराला पुसले आणि काट्यापाशी आले. मला वाटलं, आता ते मला चार शब्द सुनावतील, आणि मला ते हवेच होते. त्यांनी भांडं उपडं केलं, आत बघितलं. लोखंडी माप एका हाताने उचलून काट्यावर ठेवलं. बटण दाबलं आणि रांगेकडे बघून म्हणाले, "बघा रं, दहा हाय का?"

कोणी बोलेना. ते म्हणायचं काम जिचं होतं ती रांगेत नव्हती. म्हणून मी म्हणाले, "आहे."

"तुमी न्हाय," तात्या म्हणाले. आवाजात राग नव्हता. "तुमी मशीनवाल्या. ज्याचं दूध हाय त्यानं म्हनायचं."

मग रांगेतला पहिला गडी, तोच तक्रार करणारा, पुढे वाकून बघून म्हणाला, "हाय, तात्या."

पुढच्या आठवड्यात बहीणही पुन्हा दूध घालू लागली. पण ती पहिली उभी राहिली नाही. सगळ्यांचं दूध झालं की शेवटी यायची, खुरप्याचा अर्धा रोज बुडाला तरी. मी एकदा तिच्यापुढे जाऊन हात जोडले. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या वो म्याडम, तुमाला काय ठावं," आणि किटली उचलून चालायला लागली. आळ घेतला तेव्हा हे कधीपासून सुरू झालं ते मला यादीवरून ठाऊक होतं, तेही मी तिला सांगू शकले नाही.

नोकरी बदलून मी पुण्याला गेले. कर्नल पुढे कितीदा बदलला. दर नवी आवृत्ती आली की मी आधी ती ओळ जागेवर आहे का ते बघायचे. असायची, माझ्या टिपेसकट.

काही वर्षांनी तात्या आजारी असल्याचं कळलं, म्हणून त्या गावात गेले. तोवर गाव बदललं होतं, मला घर सापडेना. पिठाच्या गिरणीवर एक माणूस पोती उतरवत होता. त्याला तात्यांचं घर विचारलं.

"तात्याचं व्हय? सरळ जावा. दहा किलोवालीच्या घराला लागूनच हाय."

मी विचारलं, "तिला तसं का म्हणतात?"

त्याने पोतं खांद्यावर घेतलं. "काय म्हाईत न्हाय, बाई. समदं गाव म्हनतंय."